बुटीचा कान

विम्याच्या कचेरीत पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि मी पदर नाकाला लावला. परभणीच्या उघड्या गटारांवरून चालत आले होते, त्यांचं काही वाटलं नव्हतं. आत मात्र उदबत्ती आणि सडकं मांस यांचा असा मिळून वास होता की पोटातलं वर यायला लागलं. कारकुनाच्या टेबलावर उदबत्त्यांचा झुबकाच जळत होता. त्याच्या मागच्या लोखंडी मांडणीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवलेल्या, प्रत्येकीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. पिशव्यांत कान होते. गाईंचे, म्हशींचे, बैलांचे. मीठ चोळलेले, काळे पडून आकसलेले, आणि प्रत्येकात एक पितळी बिल्ला.

विमा उतरवलेलं जनावर मेलं की बिल्ल्यासकट त्याचा कान कापायचा आणि इथं आणून जमा करायचा, असा कंपनीचा नियम. बिल्ला एकदा मारला की कान कापल्याशिवाय निघत नाही. कान नाही मागितला तर लोक जिवंत म्हशीला मेली म्हणून पैसे उचलतील, अशी कंपनीला धास्ती. मी रिकाम्या हातानं आले होते. भांडण तिथूनच सुरू झालं.

माझं नाव सरजाबाई खिल्लारे. पेडगावच्या फाट्यावरून आत आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, तिथं मी बालवाडी चालवते. हे सगळं झालं शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात. त्याच्या काही वर्षं आधी सरकारी योजनेतून माझ्या नावावर म्हैस मिळाली होती. पायानं आखूड म्हणून तिचं नाव बुटी. अंगानं लहान, पण दुधाला भरलेली. बँकेचे हप्ते तिनंच फेडले आणि ती पुरती आमची झाली. गावातल्या एकाही घरात आमचं दूध चालत नव्हतं, पण डेअरीच्या कॅनात पडलं की चालायचं. कॅनातून फिरून ते त्यांच्याच चहात जायचं. मला त्याचं रोज हसू यायचं आणि रोज किळसही यायची.

बालवाडीचा पगार कधी यायचा, कधी नाही. आमचे मालक, भुजंग, रोजंदारीवर जायचे. घर चालायचं ते बुटीवर. म्हणून मी विम्याचा हप्ता कधी चुकवला नाही.

त्या श्रावणात पावसानं ओढ दिली. ज्वारी गुडघ्याएवढी वाढली आणि तिथंच कोमेजून थांबली. असली पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली की अंगात विष भिनतं. आमच्याकडे त्याला किराळ लागणं म्हणतात. बुटीनं सकाळी दावं तोडलं, शेजारच्या रानात शिरली आणि पोटभर खाऊन बांधावर येऊन कोसळली. पेडगावहून ढोरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले, शिरेत सुया दिल्या. दुपारच्या आत बुटीनं पाय ताणले.

डॉक्टरांनी बिल्ल्याचा नंबर बघून दाखला लिहिला. पोलीस पाटलानं पंचनामा करून सह्या घेतल्या. जाताना डॉक्टर म्हणाले, "कान कापून घ्या बिल्ल्यासकट. मीठ लावून ठेवा, कंपनीला लागतो." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या सासऱ्यांकडे बघत होते.

"तुमीच कापा की सायेब," मी म्हटलं. "सुरी तर तुमच्या पिशवीतच हाय."

"माझं काम जनावर जगवायचं, बाई. मेल्यावर माझं काय काम?" असं म्हणून त्यांनी मोटारसायकलला किक मारली.

माझे सासरे म्हणजे सटवाजी. मी त्यांना मामा म्हणते. तरुणपणी या गावात मेलेलं एकूण एक ढोर मामांनी ओढलंय. कुणाच्या गोठ्यात बैल मेला की सकाळी सकाळी वस्तीच्या तोंडाशी हाक यायची, आणि ती हाक नावानं नसायची. दोर लावून ओढायचं, रानात नेऊन सोलायचं, त्यातलंच मांस घरी शिजवायचं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वस्तीतल्या सगळ्या बाप्यांनी सुऱ्या आणि दोर ओढ्याच्या डोहात टाकले. पुन्हा मेल्या ढोराला हात लावायचा नाही, असं ठरलं. गावानं मग दळण बंद केलं, वाण्यानं मीठ बंद केलं, रानातली कामं बंद झाली. वस्तीनं पाला उकडून खाल्ला, पण डोहातली सुरी कुणी वर काढली नाही.

बुटीभोवती आम्ही उभे होतो. मालकांनी हळूच बापाकडं विषय काढला. "दादा, तेवढा कानच कापायचा हाय. आपलीच म्हैस हाय. कुनाला कळायलंय?"

"मला कळायलंय की," मामा म्हणाले.

बस्स, एवढंच. मग दोघा बापलेकांनी आमच्या जमिनीच्या तुकड्यात खड्डा खणला आणि बुटीला अख्खी पुरली. मला तेव्हा मामांचा राग आला होता, हे सांगून टाकते. मला दिसत होती ती दुसरी म्हैस. विम्याचे सगळे पैसे आले तर म्हैस, निम्मे आले तर शेळी, आणि नाहीच आले तर हरी हरी. डोहातल्या सुरीनं काही दूध निघत नाही, असं मी मनातल्या मनात पुटपुटले सुद्धा.

तर अशी मी त्या कचेरीत गेले. बाकावर आधीच एक शेतकरी बसला होता. पांढरी टोपी, धुवट धोतर, कानात भिकबाळी. तात्याराव त्याचं नाव, कारकुनानं हाक मारली तेव्हा कळलं. मी बसले तसा तो थोडा सरकला. ती सवयच असते, माणसं आपली सरकतात. पण सरकताना त्याच्या धोतराच्या सोग्याखालची पिशवी दिसली आणि तिचा भपकारा आला.

"तुमचा कुठाय?" त्यानं विचारलं.

"आमी न्हाई कापला."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मी कोण हे त्याला उमगलं असावं. "म्या सोता कापला, बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमच्या लोकायनं सोडल्यापासून कोन येतंय? घरात कुनाला सांगितलं न्हाई. दोन दिस जेवन गेलं न्हाई बगा."

"आमच्या मान्सायला त्याच हातानं पिढ्यान्‌पिढ्या जेवावं लागलं," मी म्हटलं.

तो पिशवीचं तोंड आवळत बसला.

आतल्या खोलीत साहेब होते, दिनकरराव. टेबलावरचा पंखा त्यांनी असा ठेवला होता की वास सगळा आमच्या अंगावर यावा. तोंडात पान. बोलायच्या आधी टेबलाखालच्या डब्यात पिंक टाकायची आणि मग ओठ पुसत बोलायचं, अशी त्यांची तऱ्हा. त्यांनी माझे कागद दोन बोटांनी उलटले. नाव वाचलं, मग आडनाव वाचलं, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कान नाही?"

"न्हाई. म्हैस पुरली."

"मग निम्मी रक्कम मिळेल. तडजोड म्हणून. इथं सही करा, पंधरवड्यात चेक येईल." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. जणू देवळात प्रसाद वाटत होते.

"निम्मी कामून?"

"सांगितलं ना, कान नाही."

"डाक्टरचा दाखला हाय. तेच्यात बिल्ल्याचा नंबर हाय. पाटलाची सही हाय. म्हैस मेली का न्हाई, सायेब?"

"मेली असेल. कंपनीला 'असेल' म्हणून चालत नाही."

"मग मेली आसंल तर सगळे द्या, न्हाई मेली तर एक पैसा बी देऊ नका. निम्मी म्हैस कशी मरती?"

दारातला शिपाई खुदकन हसला. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पिंक टाकली, ती डब्याच्या काठावर पडून खाली ओघळली.

"फार बोलता. एवढंच असेल तर उकरा आणि कान घेऊन या. फार दिवस झालेले नाहीत." मग ते जरा पुढं वाकले, आवाज खाली आणला, आणि हसले. त्यांचे दात कडेनं कातानं लाल झालेले. "आणि हे काम काय तुम्हा लोकांना मी शिकवायचं, बाई? नाव बदला, नाव बदला म्हणून रस्ते अडवता. विद्यापीठाचं नाव बदलायला निघालात आणि म्हशीचा एक कान कापायला हात थरथरतो?"

बाहेरच्या मांडणीवरच्या कानांची आली नव्हती एवढी शिसारी मला त्या लाल तोंडाची आली. त्या ओघळलेल्या पिंकेची आली, त्या सरकवलेल्या कागदाची आली. वाटलं, मामा वेडे नाहीत. मामा या तोंडाला ओळखून आहेत. हे तोंड छप्पन सालीही होतं, फक्त तेव्हा ते वस्तीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारायचं.

मी सही केली नाही. कागद होता तिथंच परत सरकवला. "आमी उकरनार न्हाई," मी म्हटलं. "तुमाला कान पायजे ना? मग तुमी या. खड्डा तिथंच हाय."

बाहेर येऊन मी बाकावर बसून अर्ज लिहिला. बालवाडीतल्या पोरांना शिकवायचं म्हणून माझं अक्षर मोठं आणि ठसठशीत आहे. लिहिलं, की निम्मी रक्कम मला मंजूर नाही, म्हैस खड्ड्यात अख्खी आहे, कंपनीनं येऊन खात्री करावी आणि पूर्ण रक्कम द्यावी. कारकून अर्ज घेईना. म्हणाला, साहेबांनी नाही सांगितलंय. मी म्हटलं, शिक्का मारून द्या, त्याबिगर मी उठणार नाही. आणि तिथंच, कानांच्या मांडणीखाली बसले. मळमळत होतं, डोकं दुखायला लागलं होतं, पण बसले. संध्याकाळी त्याच्या उदबत्त्या संपल्या. त्यालाही तिथं थांबवेना. कपाळावर हात मारून त्यानं शिक्का मारला.

शिपाई माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. नागनाथ त्याचं नाव. "मावशी," तो म्हणाला, "याची एक नक्कल वरल्या कचेरीला टाका, औरंगाबादला. वरून इचारणा आल्याबिगर आमचा सायेब खुर्ची सोडत न्हाई." मी दुसऱ्याच दिवशी रजिस्टर टपालानं नक्कल पाठवली.

घरी आले तर वेगळाच तमाशा. निम्म्याचं ऐकून मालकांचं डोकं फिरलं. सकाळी बघते तर फावडं घेऊन ते खड्ड्याकडं निघालेले. मी मागून धावले. मामा आधीच तिथं होते, मातीच्या ढिगाऱ्यावर मांडी घालून बसलेले.

"उठा दादा," मालक म्हणाले. "निम्म्यात म्हैस येती का? मीच कापतो, तुमी बगू नका."

"माझ्या अंगावरून फावडं चालीव," मामा म्हणाले.

मालकांनी फावडं फेकलं आणि शिव्या देत निघून गेले. शिव्या कुणाला होत्या ते त्यांनाही ठाऊक नसावं. मामांनी त्याच दिवशी आपली बाज उचलून खड्ड्याशेजारी नेली. तिथंच बसायचे, तिथंच निजायचे. मग पाऊस लागला. माती खचली, भेगा पडल्या, आणि भेगांतून घाण उठायला लागली. माशांचं मोहोळ. मी भाकरी घेऊन जायची तर पंचवीस पावलांवरून उलटी यायची. मामा त्या घाणीत बसून भाकरी खायचे. लहानपणापासून नाकाला सवय, म्हणायचे. हे ऐकून मला जास्तच मळमळायचं. वरच्या आळीतली माणसं रानात जाता-येता हसायची. "सटवाजी मेल्या म्हशीची राखण करायलाय," म्हणायची. मीही एकदा चिडून म्हटलं, "मामा, माणसं हासायलेत." तर म्हणाले, "हासू दे. हाक मारत न्हाईत ना?"

भाद्रपदात एक दिवस फाट्याकडून जीप आली. दिनकरराव साहेब, नागनाथ आणि ड्रायव्हर. औरंगाबादहून कागद आला होता, की प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल पाठवा. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. पोलीस पाटील लगबगीनं आला, साहेबांना आपल्या घरी चहाला चला म्हणाला. साहेब म्हणाले, आधी काम. तोवर अर्धं गाव वाऱ्याची दिशा बघून बांधावर जमलं होतं.

"चला, उकरा," साहेब म्हणाले. कुणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं, पण नजर आमच्याकडेच होती.

आम्ही कुणी हललो नाही. साहेबांनी पाटलाकडं बघितलं. पाटील म्हणाला, "सायेब, आमच्यात कोन करत न्हाई." साहेबांनी खिशातून नोट काढून बांधावरच्या माणसांना दाखवली. माणसं एकमेकांच्या मागं सरकली. साहेब नागनाथकडे वळले. नागनाथनं हात जोडले, "सायेब, हे माझ्या नोकरीत न्हाई." ड्रायव्हर कधीच जीपच्या पलीकडं जाऊन बिडी ओढत होता.

शेवटी पाटलाला नाव विचारून साहेब बाजेपाशी आले. "सटवाजी," ते म्हणाले. आमच्यातल्या कुणाचं पहिल्यांदाच नाव घेतलं त्यांनी. "तुम्हाला माहिती आहे हे काम. तुम्ही करा, मी पूर्ण रकमेचं लगेच लिहितो."

मामा बाजेवरून उठले, बाज उचलून बाजूला ठेवली. "आमी ते तीस वर्सांमागं सोडलं, सायेब," म्हणाले. मालकांनी घरातून फावडं आणलं, साहेबांच्या पायापाशी ठेवलं आणि मागं सरकले. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला.

वरच्या कचेरीला 'प्रत्यक्ष पाहिलं' असं लिहून द्यायचं होतं आणि बांधावर पन्नास साक्षीदार उभे होते. साहेबांनी नाकावर रुमाल बांधला आणि फावडं उचललं. डोक्याकडची बाजू उथळ होती, मामांनीच बोट दाखवलं. चिखलात बूट रुतले, विजार गुडघ्यापर्यंत भरली. माती बाजूला होत गेली तशी घाण अशी उठली की बांधावरची माणसंही तोंड फिरवून उभी राहिली. कातडं सुटलं होतं. डोळ्यांच्या जागी अळ्या वळवळत होत्या. माझी बुटी होती ती. रोज पहाटे जिच्या कुशीला डोकं टेकवून मी धार काढली, तिला मी अशी बघितली. या कंपनीनं मला तेही बघायला लावलं.

साहेब वळले आणि ओकले. रुमाल काढायलाही वेळ मिळाला नाही. सकाळचं पान सगळं शर्टावर आलं. बांधावर कुणीतरी हसलं. साहेबांनी डोळे पुसले, पुन्हा वाकले, कानावरची माती बोटांनी सारली, बिल्ला घासला आणि नंबर वाचला. नागनाथनं लांबूनच दाखल्याशी ताडून बघितला.

"जुळला," साहेब म्हणाले. "झालं. बुजवून टाका."

"बुजवायचं कसं?" मी पुढं झाले. माझ्या हातात विळा होता. घरून निघताना का घेतला होता, ते मला तेव्हा कळलं. "कान पायजे ना तुमाला? हे घ्या. कापा."

"नंबर जुळला ना बाई. आता कानाची काय गरज?"

"हाच नंबर डाक्टरनं लिवला व्हता. तवा निम्मी मेली व्हती आन् आता अख्खी मेली व्हय? कापा. मांडणीवर आमचा बी कान ठिवा. उदबत्ती लावा तेच्यापुढं."

साहेब विळ्याकडं बघत राहिले. हात पुढं केला, मागं घेतला. ओठांवरून लाळ गळत होती. मला ते फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या माणसाला त्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून विळा चालवताना बघायचं होतं मला, सगळ्या गावासमोर.  मी विळा आणखी पुढं केला.

मागून मामांचा हात आला. त्यांनी माझ्या मुठीतून विळा काढून घेतला.

"सरजा," ते म्हणाले, "डोहात सुरी टाकली ती दुसऱ्या कुनी उचलावी म्हनून न्हाई टाकली."

 मामांनी विळा लांब फेकला, फावडं घेतलं आणि बुटीच्या डोक्यावर माती लोटायला लागले. मालकही आले.

साहेब दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे होते, कोपरापर्यंत भरलेले. पाटलाकडं निघाले तसा पाटील चार पावलं मागं सरला. "सायेब, तिकडं ओढ्यावर धुवा," लांबूनच म्हणाला. चहाचं नाव नाही. ड्रायव्हरनं जीपचं दार लावून घेतलं. बांधावरच्या माणसांनी वाट सोडली, पण अशी सोडली की साहेबांचा कुणाला स्पर्श होऊ नये. साहेब त्या मोकळ्या वाटेत एकटेच उभे राहिले. आपल्याला काय झालंय ते त्यांना कळेना. आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मामांनी घरून घागर आणि लाल साबणाची वडी आणली. साहेबांनी ओंजळ पुढं केली. मामांनी घागर वर धरली आणि वरून पाणी सोडलं. वरून पाणी कसं सोडतात ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. निम्मं आयुष्य त्यांनी पाणी तशाच ओंजळीनं प्यायलेलं होतं. घागर रिकामी झाली, पुन्हा भरून आणली. वास जाईना. मामा ओतत राहिले, साहेब चोळत राहिले.

मी घरी जाऊन चहा करून आणला. कपबशी धुऊन, नवीन होती ती काढून दिली. साहेबांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मळमळतंय हो," म्हणाले, आणि जीपकडं निघाले. खरंही असेल. बुटीच्या वासानं मळमळत होतं की आमच्या कपानं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. नागनाथनं मात्र कप उचलला, बाजेवर बसून निवांत प्यायला.

दिवाळीनंतर चेक आला. पूर्ण रकमेचा. सोबत ना चिठ्ठी, ना चकार शब्द. पाथरीकडून मालकांनी दुसरी म्हैस आणली, उंच, लांब शिंगांची. मी म्हटलं, विमा उतरवायचा. मामा म्हणाले, उतरव की, कोण नको म्हणतंय.

बिल्ला मारायला तेच डॉक्टर आले. पिशवीतून चिमटा काढला, पितळी बिल्ला त्यात बसवला. मामांनी म्हशीचा कान धरला होता. डॉक्टरांनी चिमटा जवळ आणला तसे मामा म्हणाले, "थांबा डाक्टर. मारायला तुमी आलात. काढायला कोन येनार?"

डॉक्टर हसले. "काय बाबा, म्हैस आत्ता तर आली. काढायचं कशाला काढता?"

"ते न्हाई इचारलं," मामा म्हणाले. "तुमच्या कागदावर मालकाचं नाव हाय, तुमचं नाव हाय, सायबाचं नाव हाय. काढनाऱ्याचं नाव कुठाय?"

डॉक्टरांचं हसू ओसरलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं नाही. मालकही गव्हाण झाडायचं सोडून उभे राहिले. म्हशीचा गरम कान मुठीत धरून मामा उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.